दुःखात असलेल्या माणसाला द्यायला लाकडाचा छोटा पक्षी: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मुठीत मावणारा, पंख मिटलेला, डोळे-पिसं काही नसलेला गुळगुळीत लाकडी पक्षी. ज्याच्या घरातलं कोणी गेलंय, ज्याची केमो चालू आहे, ज्याची नोकरी गेलीय आणि घरी अजून सांगवत नाहीये, अशा माणसाच्या हातात द्यायचा. अमेरिकेत हौसेने लाकूडकाम करणाऱ्यांमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे, तिकडे त्याला कम्फर्ट बर्ड म्हणतात आणि बरेच जण तो बासवुड नावाच्या मऊ लाकडात करतात. यूट्यूबवर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ते बघून आपण कामाला बसलो की पहिल्याच पायरीला अडतो, कारण बासवुड इथे वखारीत मिळत नाही, टू बीएचकेत गॅरेज नसतं आणि आपल्या जुलै महिन्यातली हवा त्या लोकांनी कधी अनुभवलेली नसते. मी नेरूळला राहते, हे काम बरीच वर्षं करतेय, ओळखीतले लोक सारखं विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

सुरू करण्याआधी एवढं पक्कं करा की पक्षी हातात धरण्यासाठी आहे. लाकूड कुठलं, केवढा, चोच किती ठेवायची, पॉलिश करायचं का, सगळं त्यावरूनच ठरतं. शोकेससाठी हवा असेल तर बाजारात यापेक्षा खूप सुंदर पक्षी मिळतात, ते घ्या.

१. सामान

फार काही लागत नाही. घरात हातोडी-पक्कड असते तेवढ्या जागेत सगळं बसतं.

- कार्व्हिंगचा चाकू, पातं दीड-दोन इंचाचं, धार सरळ. ऑनलाइन मिळतो. किचनमधली सुरी चालत नाही आणि कटरचं ब्लेड तर अजिबात नको, ते वाकतं आणि तुकडा उडून डोळ्याकडे येतो.
- बारीक दातांची छोटी करवत. कोपिंग सॉ मिळाली तर उत्तम, गोलाई कापता येते.
- लाकडाची अर्धगोल कानस.
- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८०, २२०, ३२०, ४०० नंबर, प्रत्येकी एक शीट. भारीतला घ्या, स्वस्तातल्या पेपरची वाळू गळते आणि लाकडावर ओरखडे पाडते.
- एक सी क्लॅम्प, टेबलाच्या कडेला ठोकळा पकडायला.
- कट-रेझिस्टंट हातमोजा, ज्या हातात लाकूड धरणार त्या हातात घालायचा. चाकूच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा जाड टेप.
- धारेसाठी जुना चामड्याचा पट्टा, फळीच्या तुकड्यावर फेविकॉलने चिकटवलेला, आणि हार्डवेअरवाल्याकडे मिळणारा हिरवा बफिंग साबण.
- एन ९५ मास्क, एक जुनी चादर, पेन्सिल.

हत्यारं बघून, हातात धरून घ्यायची असतील तर मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट. नवी मुंबईकरांना हार्बरने थेट जाता येतं, ठाण्याहून जाणार असाल तर स्लो लोकल धरा, फास्ट मशीदला थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. येताना चाकू पुठ्ठ्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा, आणि पर्समध्ये चाकू तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी मेट्रो किंवा मॉलच्या तपासणीला उभं राहू नका, समजावताना घाम फुटतो.

२. लाकूड (सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात)

माझी पहिली पसंती शिवण. हलकं, चाकूला गोड, रंग फिकट, आणि मुख्य म्हणजे हवा बदलली की फार फुगत-आक्रसत नाही. मोठ्या वखारीत विचारा, लांबलचक फळी घ्यायची गरज नाही, कापून उरलेले तुकडे मागा. रे रोडला लाकडाचा जुना बाजार आहे आणि तोही हार्बरवरच. तिथे "कोरायला मऊ लाकूड पाहिजे, वाळलेलं, गाठ नको" एवढं सरळ सांगा, ते बरोबर काढून देतात. सुतार ओळखीचा असेल तर काम आणखी सोपं, कोणाच्या तरी घरचं फर्निचर चालू असतंच.

दुसरा पर्याय पाइन. आपल्याकडे जेएनपीटी जवळ, तळोजा आणि महापे-रबाळेची एमआयडीसी हाताशी, म्हणून परदेशातून आलेल्या मालाच्या पाइनच्या पेट्या भंगारात भरपूर येतात. इथे एक गोष्ट बघितल्याशिवाय लाकूड उचलू नका. पेटीवर गव्हाच्या ओंबीसारखं चित्र आणि त्याच्या शेजारी काही इंग्रजी अक्षरं जाळून उमटवलेली असतात. त्यात 'एचटी' असेल तर ते लाकूड कीड मारायला तापवलेलं आहे, आतपर्यंत ५६ अंशावर किमान ३० मिनिटं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एमबीवालं लाकूड घ्यायचं नाही. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचे-केमिकलचे डाग असतील तर तेही सोडून द्या, फुकट मिळत असलं तरी. आजारी माणूस ते तासन् तास हातात धरणार आहे.

पाइनची एक खोड आहे, त्यातली एक रेष मऊ आणि पुढची कडक, चाकू मऊ भागातून सर्रकन जातो आणि कडक रेषेवर अडतो. शिकायला ठीक आहे, पण पहिलाच पक्षी पाइनचा करून "मला जमत नाही" म्हणून सोडून देऊ नका, दोष लाकडाचा असतो.

पावसाळ्याआधी महापालिका झाडांच्या फांद्या छाटते, वादळात मोठमोठ्या फांद्या पडतात, तेव्हा सगळ्यांना मोह होतो. रस्त्यावर पडलेली फांदी तिथल्या उद्यान विभागाच्या माणसाला विचारून घ्या. उभ्या झाडाला मात्र हात लावायचा नाही, सोसायटीच्या आवारातलं असलं तरी. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि ठाणेकरांनो, येऊरला फिरायला गेल्यावर सुकलेली काटकी सुद्धा उचलून आणू नका, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून काहीच न्यायचं नसतं.

ओल्या फांदीचं लाकूड लगेच कोरलं तर सुकताना तडकतं. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण फासा, सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवा आणि विसरून जा. जाड तुकड्याला वर्ष जातं. पावसाळ्यात बंद बाल्कनीत ठेवलात तर काळी बुरशी धरते. मला विचाराल तर पहिली काही कामं वखारीतल्या वाळलेल्या लाकडातच करा.

नको ती लाकडं: सागाच्या भुशाने बऱ्याच जणांना खाज सुटते आणि हे लाकूड नवख्या हाताला कडकही पडतं. शिसव सुंदर दिसतं पण दगड आहे, त्याचा भुसाही त्रास देतो. कण्हेर विषारी. प्लायवुड आणि एमडीएफमध्ये चिकटवायचं केमिकल असतं, ती अशा कामाला नाहीतच. पांगारा फार मऊ आणि किडीचा लाडका, बारीक भोकं दिसली तर तो तुकडा घरातही आणू नका.

३. कुठला पक्षी?

कुठलाच नाही. खरंच.

नवीन माणूस हमखास म्हणतो की आपल्या खाडीचा फ्लेमिंगो करूया. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, ऐरोलीपासून सगळ्यांना फ्लेमिंगोचं प्रेम आहे, मलाही आहे, पण फ्लेमिंगो म्हणजे दोन काड्यांवर उभी काडी. पाय आणि मान इतके बारीक की लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि हातात दाबलं की कट्. खंड्याची लांब चोच पण तशीच, तळहाताला टोचते. रडणाऱ्या माणसाची मूठ किती घट्ट असते ते एकदा बघितलंत की हे पटेल.

अंगाने चिमणी, होला, बुलबुल यांच्या मधला कोणीतरी, बसलेला, मान किंचित आत घेतलेला, पंख अंगाला चिकटलेले. पंख पसरलेला करू नका. तुटतो ते एक, आणि ज्या घरातून माणूस नुकताच गेलाय तिथे उडालेलं पाखरू बघवत नाही हे दुसरं. घुबड आणि कावळाही टाळा. तुम्ही मानत नसाल, मीही मानत नाही, पण घेणाऱ्याच्या घरात एखादी आजी असते आणि तिच्या मनाला ते लागतं. नवरा किंवा बायको गेलेल्या माणसाला जोडी देऊ नका, एकच द्या.

डोळे काढायचे नाहीत. डोळे आले की तो बघायचा पक्षी होतो, शिवाय भोकात मळ साठतो. रंगही नको.

४. माप घेणं

लांबी साधारण ९ ते १० सेंटिमीटर, उंची ५, रुंदी ४ ते साडेचार. हे मोठ्या माणसाच्या मध्यम हाताचं माप झालं. म्हाताऱ्या माणसाची बोटं आखडलेली असतील तर पोट थोडं जाड ठेवा, आखडलेल्या मुठीला बारीक वस्तू धरता येत नाही, जाड येते.

चाकूच्या आधी कपड्याच्या साबणाची वडी आणा आणि त्यात पक्षी करून बघा. गंमत म्हणून नाही सांगत. साबण ओला करून मुठीत दाबला की बोटं कुठे बसतात, अंगठा कुठे जातो ते खुणेसकट कळतं: डोक्यामागे जो खळगा आहे तिथे अंगठा टेकला पाहिजे, गळ्याखाली तर्जनी, आणि शेपटी करंगळीच्या खालून थोडीशीच बाहेर. ही तीन ठिकाणं जमली की पक्षी जमला. साबण नंतर वापरून टाका.

मग पुठ्ठ्यावर बाजूने दिसणारी आकृती काढून कापा, हाच तुमचा साचा. डोकं एकूण लांबीच्या तिसऱ्या भागाएवढं, चोच म्हणजे नुसता बोथट उंचवटा.

ठोकळ्यावर साचा ठेवताना लाकडाच्या रेषा चोचीपासून शेपटीकडे जाणाऱ्या हव्यात. आडव्या आल्या तर शेपटी पहिल्यांदा खाली पडली की तुटणार. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही म्हणून इथे दोनदा बघा.

५. चाकू धरण्याआधी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

चाकू बोथट असेल तर जोर लावावा लागतो, जोर लावला की सटकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवा बफिंग साबण घासून पातं उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, दोन्ही बाजूंनी ओढा. कागदाची कड सहज कापली गेली की धार बरोबर.

मांडीवर लाकूड ठेवून कधीही कोरायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. खुर्चीवर पुढे सरकून बसा, कोपरं गुडघ्यांवर, हात गुडघ्यांच्या पुढे. चाकूवाला हात पसरून गोल फिरवा, त्या गोलात कोणी नको, मूल नको, मांजर नको.

दोनच कट शिका. पहिला: लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून चाकू बाहेरच्या दिशेला ढकलायचा, ढकलतो तो अंगठा, चाकूचा हात फक्त दिशा देतो. दुसरा: बटाटा सोलतो तसा, चाकूच्या हाताचा अंगठा लाकडाच्या खालच्या भागावर टेकवून पातं आपल्याकडे आणायचं, पण अंगठा पात्याच्या वाटेत नको आणि टोपी घातलेली हवी. एका वेळी पातळ ढलपी काढा. जाड ढलपी काढायच्या हव्यासात हात कापतात.

कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे मधे उघडून बघू नका. तरी थांबत नसेल, जखम खोल असेल, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल तर लगेच डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारून घ्या.

६. कोरणं

साच्याप्रमाणे ठोकळ्यावर पेन्सिलने बाजूची आकृती काढा, क्लॅम्पला पकडा, करवतीने जादाचं कापून टाका. मग वरून बघून मधोमध सरळ रेष मारा, चोचीपासून शेपटीपर्यंत. ही रेष पुसली गेली की पुन्हा काढायची, शेवटपर्यंत. ती नसेल तर पक्षी एका बाजूला झुकतो.

आता चारी कडा मारा, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन होईल. मग अष्टकोनाच्या कडा मारा. असं करत गेलं की गोल आपोआप येतो, सरळ गोल करायला गेलात तर खड्डे पडतात. पोटाखाली थोडी जागा सपाट ठेवा, टेबलावर नीट बसतो.

मान करताना डोक्याकडून खाली आणि पाठीकडून खाली, दोन्ही बाजूंनी खळग्यात उतरायचं. एकाच दिशेने खळग्यातून पार जाऊन वर चढायला गेलात की रेषा उलट्या येतात आणि लाकूड उचकटतं. चाकू खरखर करायला लागला, कट झालेली जागा केसाळ दिसायला लागली, की समजा उलट्या बाजूने चाललाय, लाकूड फिरवून घ्या.

प्रत्येक थोड्या वेळाने डोळे मिटून मुठीत धरा. कुठे टोचतंय तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढंच काढा. चाकूने सगळं गुळगुळीत करायचा अट्टहास नको, आकार आला की कानस घ्या.

फ्लॅटवाल्यांसाठी: चाकूकामाचा आवाज होत नाही, दुपारी निवांत करा. चादर अंथरून बसा, म्हणजे ढलप्या एकदम उचलता येतात, कामाला येणाऱ्या मावशींना तो पसारा लावू नका. इलेक्ट्रिक सँडर बाल्कनीत चालवलात तर सेक्रेटरींचा फोन येणारच, आणि एवढ्याशा पक्ष्याला तो लागतही नाही.

७. घासणं, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम

लोक कोरण्यात आठवडा घालवतात आणि घासणं एका संध्याकाळी उरकतात. उलटं करा.

मास्क लावा. ८० ने सगळे कट जाईपर्यंत, मग १२०, १८०, २२०. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत, मधला गाळायचा नाही, गाळला तर शेवटी तेल लावल्यावर ते ओरखडे उठून दिसतात आणि बोटालाही कळतात. शेवटचे हात रेषांच्या दिशेनेच.

२२० झाल्यावर पक्षी ओल्या फडक्याने सगळीकडून पुसा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हात फिरवला तर पुन्हा खरखरीत लागेल. घाबरू नका, पाण्याने बारीक तंतू उभे राहतात. माणसाच्या हाताला घाम येतो, डोळ्यातलं पाणी लागतं, तेव्हा हे तंतू नंतर उभे राहण्यापेक्षा आत्ताच राहिलेले बरे. ३२० ने हलक्या हाताने काढून टाका. हेच पुन्हा एकदा करा, मग ४००.

झालंय की नाही हे बोटांना विचारू नका, काम करून बोटं बथ्थड झालेली असतात. जुनी नायलॉनची साडी किंवा ओढणी घ्या आणि पक्ष्यावरून सगळीकडे फिरवा. कुठेही धागा अडकला तर तिथे अजून काम आहे. मग गालावर फिरवा. मानेचा खळगा आणि शेपटीची खालची बाजू, या दोन ठिकाणी हमखास राहून जातं.

८. तेल, मेण आणि वास

सुतार प्रेमाने म्हणेल, मेलामाइन मारून देतो, मस्त चमकेल. नको म्हणा. प्लास्टिकसारखा लागतो हाताला. लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसतं छान, पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि हॉस्पिटलमध्ये जो तो दर दहा मिनिटांनी सॅनिटायझर लावत असतो, पक्षी चिकट होतो.

खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, ते सुकत नाही, खवट होतं. जवसाचं कच्चं तेल लावा, घाण्यावर मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवसात लवकर सुकण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असतात, ते आपल्या कामाला नको. कापडाने पातळ हात द्या, वीस मिनिटांनी जेवढं पुसलं जाईल तेवढं पुसून काढा, मग काही दिवस वाऱ्यावर. असे दोन-तीन हात. कोरड्या दिवसांत महिनाभरात वास जातो, पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. वरून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्या आणि मऊ कपड्याने घासा, लाकूड उबदार लागतं.

इथे एक मोठा धोका आहे. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून डब्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळलेल्या कापडात ती उष्णता साठून कापड आपोआप पेटू शकतं. पसरून बाहेर दोरीवर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

केमो चालू असलेल्या माणसासाठी मी तेल लावतच नाही. केमोत साध्या फोडणीच्या वासानेही मळमळतं, जवसाचा वास कसा सहन होणार. नुसता घासलेला, फार तर मेणाचा अगदी पुसटसा हात. अक्रोडाचं तेल परदेशी व्हिडिओत सांगतात, ते सुक्यामेव्याच्या ॲलर्जीमुळे अनोळखी माणसासाठी नकोच.

९. हॉस्पिटलमध्ये द्यायचा असेल तर

खारघरला टाटाचं कॅन्सरचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, कळव्याला महापालिकेचं मोठं हॉस्पिटल आहे, आपल्या भागात रोज कोणी ना कोणी कोणाला तरी भेटायला निघालेलं असतं. पण लाकूड सच्छिद्र असतं, ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, म्हणून आयसीयू, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, ज्यांच्या पांढऱ्या पेशी खाली आल्यात असे पेशंट, यांच्याजवळ न्यायचं नाही. लपवून तर मुळीच नाही. नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा, नाही म्हणाले तर वाद घालू नका, पक्षी घरी ठेवा, डिस्चार्जनंतर द्या. मनोरुग्ण विभागात कठीण वस्तू आत नेऊ देत नाहीत, तेही बरोबरच आहे.

आणि बाहेर बसलेल्यांना विसरू नका. पेशंटकडे निदान सगळ्यांचं लक्ष असतं. रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसलेला मुलगा, त्याच्या हाताला काहीच काम नसतं, मोबाइलची बॅटरीही संपलेली असते. माझे बरेचसे पक्षी अशाच लोकांकडे गेलेत, त्यांना वॉर्डाचे नियम आड येत नाहीत.

ओळख नसलेल्या पेशंटसाठी द्यायचे असतील तर वॉर्डात फिरून वाटू नका. सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात, खासगीत मेडिकल सोशल वर्कर किंवा पीआरओ. त्यांना आधी भेटा. सोबत न्या:

- साधं पत्र, मराठीत: तुम्ही कोण, काय देताय, पैसे घेत नाही
- लाकूड कुठलं, वर काय लावलंय याची दोन ओळींची माहिती
- ओळखपत्राची झेरॉक्स
- नमुन्याचा एक पक्षी, त्यांना हातात धरून बघू दे

कोणाला द्यायचा ते त्यांना ठरवू दे. तुम्ही नाव विचारायचं नाही, आजार विचारायचा नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, ते तोंडात घालतं आणि फेकूनही मारतं.

१०. कधी द्यायचा आणि काय बोलायचं

घरात कोणी गेलं असेल तर पहिल्या तेरा दिवसांत नेऊ नका. सुतक असतं, लोकांची ये-जा असते, चहाची भांडी सुद्धा खाली ठेवायला जागा नसते, तेव्हा वस्तू हरवते. तेरावं झालं, पाहुणे गेले, गाद्या गुंडाळून वर ठेवल्या, त्यानंतरच्या आठवड्यात जा. खरं रिकामपण तेव्हा सुरू होतं आणि तेव्हा बेल वाजवणारे कमी असतात.

गिफ्ट पेपर नको, रिबन नको. रुमालात किंवा कागदी पिशवीत. हातात द्या, टेबलावर ठेवून येऊ नका.

आमच्या मजल्यावरच्या काकूंना दिला तेव्हा त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कुठला गं हा पक्षी?" मी म्हटलं, "काकू, कुठलाच नाही, नुसता धरा." मग त्या गॅसचं कार्ड अजून काकांच्याच नावावर आहे, बँकेत कुठला फॉर्म मागतात, हे सगळं सांगत बसल्या आणि सांगताना त्यांचा अंगठा मानेच्या खळग्यात पुढे-मागे चाललेला होता, त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी मधे काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

"सगळं ठीक होईल", "देवाची इच्छा", "त्यांचा त्रास तरी संपला", "खंबीर राहा" यातलं एकही वाक्य नको. "तुमच्यासाठी केलाय, हातात धरायला" एवढं पुरे. समोरचा माणूस वयाने मोठा असेल तर त्यांना कसं वाटतंय हे विचारण्यापेक्षा उद्या बँकेत सोबत येऊ का हे विचारा.

फोटो काढायचा नाही. त्यांचा नाही, त्यांच्या हाताचाही नाही, स्टेटसला तर नाहीच. पुढच्या वेळी गेल्यावर पक्षी कुठे ठेवलाय ते शोधायचं नाही. दुसऱ्याला देऊन टाकला असेल तर उत्तमच.

आणि कोणी बोलता बोलता जगायचंच नाही असं काही बोललं, किंवा तसं बोलण्यातून जाणवलं, तर पक्षी देऊन निघून येऊ नका. सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. माणसाला एकटं सोडू नका, घरच्या कोणालातरी सांगा आणि टेली मानसला फोन लावून द्या: १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

११. सोबतची चिठ्ठी आणि निगा

छोटा कागद, त्यावर लाकडाचं नाव, वर काय लावलंय, आणि निगा. तुमचं नाव-नंबर नको, आभाराचं ओझं कशाला. मी एवढंच लिहिते:

"शिवणीचं लाकूड. जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण. पाण्यात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसलेलं चालतं. हाताच्या घामाने रंग गडद होईल, तो तसा होतोच. पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने पुसून एक दिवस उन्हात ठेवा. पडून शेपटीचा टवका गेला तर बारीक पॉलिश पेपरने घासा, पक्षी चालू राहील."